चालत्या मागाला हात

आमच्या बेळगावच्या वडगावात एखाद्या घरचं बरं चाललंय की नाही हे विचारावं लागत नाही, ऐकू येतं. माग खडखडत असला की घर नांदतं आहे. गप्प झाला की समजायचं, तिथलं कुणीतरी गेलं. माझे मालक जोतिराम गेले, त्यांच्या मागोमाग आमचे दोन्ही माग भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेले, आणि माझ्या घरात भांडं पडेल तेव्हाच काय तो आवाज व्हायला लागला. पोटी काही नाही. त्यामुळे भांडायलाही कुणी नाही.

पण शेजार चांगला होता. माझ्या स्वयंपाकघराची आणि दुर्गाबाईच्या मागाच्या खोलीची भिंत एकच. तिच्या दोन मागांतला एक त्या भिंतीला लागून. तो सुरू झाला की माझ्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. वाट्या जरा जास्तच, वाह्यात पोरांसारख्या. परगावचे पाहुणे विचारायचे, एवढ्या आवाजात झोप कशी लागते? मी म्हणायची, तुम्हाला एवढ्या शांततेत कशी लागते ते आधी सांगा.

दुर्गाबाई आणि मी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलो. ती शहापूरची, मागांतच वाढलेली. मी काकतीच्या शेतकऱ्याची लेक. धोटा कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. कांडी भरायला तिनंच शिकवलं, आणि वर गल्लीभर सांगत सुटली की मालूला गुंता करायला लई झकास जमतंय. तिच्या जिभेला हाड नाही. पण जोतिराम गेले तेव्हा महिनाभर माझ्या घरात निजायला आली तीही तीच. तिचा मंथन माझ्या ताटात जेवून मोठा झाला. मला माई म्हणायचा. जोतिरामांना दवाखान्याच्या जिन्यावरून पाठुंगळी घेऊन गेला होता.

रोज दुपारी दुर्गाबाई दोन कप चहा घेऊन माझ्या उंबऱ्यावर यायची. त्या चहात साखर कमी आणि चुगल्या जास्त. जगात तुझं म्हणून काय आहे असं कुणी विचारलं असतं, तर मी तो चहा दाखवला असता आणि भिंतीपलीकडचा तो खडखडाट.

मागाचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माग सलग चालत नाही. धोट्यात सुताची कांडी असते, ती थोड्याच वेळात संपते. मग माणूस माग थांबवतो, कांडी बदलतो, खटका ओढतो, माग पुन्हा सुरू. बोलणारं माणूस मधे मधे श्वास घेतं ना, तसा मागही घेतो. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे झोपेत कळतं.

गेल्या दिवाळीनंतर साड्यांचं काम आटलं. दुर्गाबाईच्या पलीकडच्या मागावर कसंबसं विणणं चालू राहिलं, पण भिंतीकडच्या मागावर ताणाच, म्हणजे उभं सूतच, चढेना. तो धूळ खात पडला आणि माझ्या वाट्या गप्प झाल्या. मला करमेना. मग एका दुपारी एकदम मांडणी किणकिणली.

"आलं गं काम!" मी मोठ्यानं म्हणाले, भिंतीलाच.

गॅस बारीक करून ऐकत बसले. कांडी संपायची वेळ झाली. माग थांबला नाही. आणखी एक कांडी संपली असती एवढा वेळ गेला, तरी थांबला नाही. श्वास न घेता नुसता खडखडत राहिला, कोरडा. ताणा न चढवता माग कोण चालवतं? विजेचं बिल काय मंथनचा सासरा भरतो? मी भिंतीला कान लावला. खडखडाटाच्या तळाशी दुसरा एक आवाज होता. हाताचा होता आणि तोंड दाबलेल्या बाईचा होता.

मी बाहेर आले. समोरच्या कट्ट्यावर अक्काताई आणि मंगल चिंच फोडत बसल्या होत्या. दोघींचे हात थांबले होते.

"दुर्गाबाईचा माग चाललाय," अक्काताई म्हणाली. मान वर केली नाही.

कुठला माग, कशाला, कुणी विचारलं नाही. पुढे पुढे तर गल्लीत तो शब्दच रुळला. माग चाललाय म्हटलं की बायका आपापल्या हाताकडे बघायच्या.

मंथनची बायको करिष्मा निपाणीजवळच्या खेड्यातली. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी. पोरगी पहिल्यांदा आमच्या गल्लीत आली तेव्हा आवाजानं भांबावून गेली होती. कुणी काही विचारलं तर नुसती हसायची, कारण ऐकूच यायचं नाही. तिला कांडी भरायला मी शिकवलं. ती माझ्यासारखा गुंता करायची नाही, हात चलाख. एकदा माझ्याकडे बसून कांड्या भरताना म्हणाली, "मावशी, तुमच्या गल्लीत एक बरं हाय बघ. ह्या आवाजात कुणाच्या घरातलं कुणाला ऐकू येत न्हाय."

ऐन उन्हाळ्यात तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मी म्हणाले, "व्हय बाई." दुसरं काय म्हणणार? तेवढी एक झाकली मूठ तिच्याजवळ होती, ती मी कशी उघडू?

दुर्गाबाईला मात्र विचारलं. चहा घेताना म्हणाले, "दुर्गे, तो रिकामा माग कशाला चालवालाय गं मंथन?"

"गंजू नये म्हणून," ती म्हणाली. कपात बघत राहिली. मग म्हणाली, "नवरा-बायकोत हुतंय थोडंफार. काम न्हाय, डोकं तापतंय त्याचं. दारू पीत न्हाय, पत्ते खेळत न्हाय. आणि काय पायजे बाईला?"

"मार नको असंल."

ती उठली. माझा कप अर्धा होता, तसाच उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, जसं काही झालंच नव्हतं. मी शहाणी बाई, मला काय सांगितलं गेलं ते कळलं.

त्यानंतर समुदाय भवनात महिला मंडळाचा कार्यक्रम झाला. मंडळाची अध्यक्ष दुर्गाबाईच. मागे बॅनर, वर कन्नड, खाली मराठी: घरातली हिंसा ओळखा. बेळगावातल्या एका संस्थेची रचना नावाची बाई आली होती, तरुण, दोन्ही भाषांतून बोलणारी. तिला दुर्गाबाईनंच कुंकू लावलं. करिष्मा मागच्या बाजूला उप्पिटाच्या बश्या लावत होती.

रचनानं एक चित्र दाखवलं. डोळा सुजलेली बाई, केस मोकळे, मागे बाटली घेतलेला नवरा. सगळ्या जणी चुकचुकल्या. चित्रातली बाई परक्या घरची होती, तिची कीव करायला काय जातं?

"तुमच्याकडे असं घडतं का?" रचनानं विचारलं.

"आमच्यात न्हाय बाई तसलं," अक्काताई म्हणाली. "ते पिणाऱ्यांच्यात."

"आमच्या गल्लीत सुना लेकीवानी हायत," दुर्गाबाई म्हणाली. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या.

रचना म्हणाली, हिंसा म्हणजे नुसतं मारणं नाही. माहेरी फोन करू न देणं, मिळवलेलं काढून घेणं, उठता-बसता पाणउतारा करणं, हीसुद्धा हिंसाच. त्यावर मंगल म्हणाली, "मग सगळ्यांचीच नावं घाला की बाई!" हशा पिकला. तो जरा लांबलाच, आणि मग एकदम बंद झाला. प्रत्येकीला आपलं आपलं काहीतरी आठवलं असणार.

"शेजाऱ्यांचा मोठा आधार असतो," रचना पुढे म्हणाली. "पण इथं मागांचा एवढा आवाज. शेजारच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला कळतही नसेल, नाही का?"

"न्हाय, न्हाय!" सगळ्या जणी आरतीला लागावं तशा एका सुरात म्हणाल्या. "कायसुदिक ऐकू येत न्हाय."

माझी नजर करिष्माकडे गेली. तिचे खांदे खाली आले. चेहरा सैल पडला. हातातली बशी तिनं एवढ्या हलक्या हातानं ठेवली, की जणू डोक्यावरचं गाठोडं उतरवलं. पोरीला खात्री पटली, की आपल्याला काय होतंय ते कुणालाच ठाऊक नाही. मंथनचा मला राग होताच, पण त्या क्षणी गल्लीचा जेवढा आला तेवढा त्याचाही कधी आला नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात; इथं तोंड ती एकटी दाबत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मी रचनाला रिक्षापाशी गाठलं. "बाई, शेजाऱ्यानं करायचं असतंय तरी काय?"

"जाऊन दार वाजवायचं," ती म्हणाली. "साखर मागायला आल्यासारखं. काही विचारू नका. बाहेरचं माणूस आलं की हात थांबतो." मग कार्यक्रमात दिलेला तो मदतीचा तीन आकडी नंबर तिनं पुन्हा सांगितला.

"माग चालू असला की दार वाजवल्यालं आत ऐकू येत न्हाय."

"मग काय करता येईल?" तिनं विचारलं.

मला ठाऊक होतं काय करता येईल ते. तिला सांगितलं नाही. आमच्यात दुसऱ्याच्या चालत्या मागाला हात लावत नाहीत. घरात चोर शिरला तरी आधी माग थांबवू की चोर धरू असा विचार करणारी माणसं आम्ही. चालता माग परक्या हातानं थांबला तर त्या घरची लक्ष्मी उठून जाते म्हणतात. जोतिरामांनी तर सख्ख्या भावाशी बारा महिने अबोला धरला होता, एवढ्यासाठीच.

आणि दुसरं म्हणजे तो चहा. खोटं कशाला बोलू, मी सगळ्यात आधी त्याचाच विचार केला.

त्यानंतरच्याच आठवड्यात, एका दुपारी अक्काताई आणि मंगल धरून आम्ही चौघी कट्ट्यावर बसलो होतो. दुर्गाबाई माझ्या शेजारी शेंगा सोलत होती. तिच्या घरातून पलीकडच्या मागाचा आवाज येत होता, श्वास घेत, नीट. तो थांबला. वाटलं कांडी बदलत असेल. मग दुसरा माग सुरू झाला, कोरडा.

आम्हा तिघींचे हात थांबले. माग चाललाय असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण दुर्गाबाई मध्येच बसलेली. ती शेंगा सोलत राहिली, भराभर, टरफलं आणि दाणे एकाच सुपात टाकत. एक कांडी संपली असती. दोन संपल्या असत्या. उप्पिटाच्या बश्या लावणारे ते खांदे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

मी उठले.

"मालू, कुठं निघालीस?" दुर्गाबाईनं माझा पदर धरला. "बस की. च्या आणतो मी."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागत होती. मी पदर सोडवून घेतला.

मागाच्या खोलीत कुणी नव्हतं. रिकामा माग एकटाच धडधडत होता, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्ये एक सूत नाही. भिंतीवरचं बटण मला ठाऊक होतं, लहानपणी मंथन त्याला हात लावायचा म्हणून मीच त्याला रट्टे दिले होते. मी ते खाली ओढलं.

माग थांबला. मंथन थांबला नाही. मागाच्या वर आवाज काढायची त्याला सवय, तो तसाच ओरडत होता, आणि आता त्याचं एकेक अक्षर भर दुपारी गल्लीभर ऐकू जात होतं. "आईला फोन करतीस? माझी चुगली करतीस?" मग थप्पड. मग दुसरी. मग करिष्माचा आवाज, कोंबलेल्या पदरातून आलेला.

तेव्हा कुठे त्याला शांतता जाणवली. आतून बाहेर आला, घामानं भिजलेला. मला बघून अगदी साधेपणानं विचारलं, "करंट गेला काय गं माई?"

"करंट न्हाय गेला. मी बंद केला."

त्याचा चेहरा बदलला. आपलं बोलणं, आपलं मारणं लोकांनी ऐकलं याचं त्याला काहीच वाटलं नाही. "चालत्या मागाला हात लावलीस?" तो म्हणाला. "माई, तू?"

दारात दुर्गाबाई येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे बाकीच्या. तीही तेच म्हणाली. "चालत्या मागाला हात लावलीस, मालू!"

करिष्मा आतल्या दाराशी आली. ओठ फुटला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बटणाकडे.

"मावशी, तुला ऐकू येत हुतं?"

"व्हय, बाळ."

"आणि ह्यांस्नी?"

अक्काताई पायाकडे बघत होती. मंगल हात लुगड्याला पुसत होती.

"सगळ्यांस्नी ठाऊक हुतं?" करिष्मा म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मग मी पदर तोंडात कोंबून लपवत हुतो ते कुणापासनं?"

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ रडणी ऐकली. ती पोरगी रडली नाही. तिनं पदरानं ओठ पुसला, चपला घातल्या आणि सगळ्यांच्या मधून चालत माझ्या घरी आली. मंथननं तिचा हात धरायला पुढे पाऊल टाकलं, पण गल्ली शांत होती आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. तो जागीच थांबला.

तो तीन आकडी नंबर मी माझ्या फोनवरून लावून दिला. बोलली तीच. संध्याकाळी रचना आली, बरोबर एक महिला पोलीस. करिष्मा म्हणाली, तक्रारीचं नंतर बघू, आधी मला आईकडं जाऊ दे. रचनानं जोर केला नाही. वाट मोकळी आहे, एवढं सांगितलं. निपाणीहून तिचा भाऊ युवराज गाडी घेऊन आला. निघताना ती माझ्या पाया पडली नाही. मला ते बरं वाटलं. पाया पडण्यासारखं मी काय केलं होतं? भिंतीच्या या बाजूला दिवाळीपासून मीच तर होते.

त्यानंतर गल्लीत काय बोललं गेलं म्हणाल, तर एकच. मालुबाईनं दुर्गाबाईचा चालता माग बंद केला. थपडा सगळ्यांनी ऐकल्या होत्या, त्यांचं नावही निघालं नाही. दुर्गाबाईनं मागाची पूजा घातली, नारळ फोडला. पलीकडच्या मागाचंही काम महिन्याभरात बंद पडलं, ते माझ्याच नावावर गेलं. मी कट्ट्यावर गेले की जागा असायची, पण सरकून दिलेली नसायची. मी जायचं सोडलं.

चहा आला नाही. पहिले काही दिवस मी दार लोटून न घेता बसायची. मग लोटून घ्यायला लागले. मंथन समोरून यायचा तर मान फिरवून जायचा. दुर्गाबाई तेवढंही करायची नाही. माझ्या घराच्या जागी मोकळी जागा असावी तशी बघायची. वाट्या मांडणीवर गप्प. एकदा मीच भिंतीवर टिचकी मारून बघितली, वाजतात का. वाजल्या नाहीत.

मध्ये करिष्माचा फोन आला. आईबरोबर वखारीत जायला लागली होती. "मावशी, हितं लई शांत हाय," ती म्हणाली. "झोपच येत न्हाय बघ."

"मलाबी येत न्हाय," मी म्हणाले.

परवा दुपारी मी चहाला आधण ठेवलं. सवयीनं दोन कपांचं. साखर घ्यायला वळले, आणि मांडणी किणकिणली.

आधी वाट्या, मग ताटल्या, मग सगळी भांडी. भिंतीकडचा माग चालू झाला होता. "आलं गं काम!" अगदी ओठांवर आलं. दुर्गीच्या घरी काम आलं, आता तिचा राग निवळेल, आज नाही उद्या कप घेऊन येईल. माझे डोळे भरून आले, का खोटं सांगू? गॅस बारीक केला आणि कांडी संपायची वाट बघत उभी राहिले.

माग थांबला नाही.

मी आणखी थोडा वेळ दिला. म्हटलं, नवा गडी असेल, हात हळू असेल. तरी थांबला नाही. कोरडाच चालत राहिला. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की करिष्मा निपाणीला आहे. त्या घरात आता दोघंच राहतात. मंथन आणि दुर्गाबाई.

गॅस बंद केला. चपला पायात सरकवल्या. बाहेर कट्ट्यावर अक्काताई आणि मंगल बसल्या होत्या, आपापल्या हाताकडे बघत. मागच्या खेपेला माझा पदर धरणारी त्यांच्यात नव्हती. मी तिच्या दाराकडे निघाले.